काशीकाकूंची वाटी आणि माझा पारा

मित्रांनो, मी एक जुने, पाऱ्याचे, रक्तदाब मोजायचे यंत्र आहे. दिवेआगरच्या अलीकडे एका गावात दवाखाना आहे, त्याच्या टेबलावर माझी पेटी असते. दंडाला पट्टा बांधून फुगा दाबला की माझ्या नळीतला पारा वर चढतो. सरपंच असो की सरपंचाची सासू, मी कुणाची भीड ठेवली नाही.

माझे भाऊबंद केव्हाच मोडीत गेले. पारा विषारी म्हणे! शेजारी आता सेलवर चालणारे यंत्र आले आहे. ते टुकटुक करते आणि लोक कौतुकाने बघतात. मला वाईट वाटते, खोटे कशाला सांगू?

गेल्या वर्षी आमच्या डॉक्टर सुचिताबाईंनी संशोधन सुरू केले. रक्तदाबाची जुनी गोळी बरी, की दोन औषधे एकत्र केलेली नवी? काहींना ही, काहींना ती. दिसायला दोन्ही सारख्या. कुणाला कोणती मिळाली, हे खुद्द बाईंनाही ठाऊक नव्हते. सुपारीच्या वाडीवाल्या काशीकाकू आणि कुंपणापलीकडच्या तैयबाभाभी, दोघींनी हौसेने नावे दिली.

पहिल्या महिन्यात काकूंचा दाब सुरेख उतरला. पुढे मात्र माझा पारा दर खेपेला वरच जाऊ लागला. गोळी रोज घेते, असे काकू छातीठोकपणे सांगत. सेलवाल्याचे सेल नेमके संपलेले. बाई माझ्याकडे संशयाने बघत म्हणाल्या, "हे म्हातारं चुकतंय. सेल आले की याला मोडीत काढू."

माझी तर पाचावर धारण बसली.

सेल यायच्या आतच निरोप आला, की सुपारी सोलताना काकूंना घेरी आली. बाई मलाच घेऊन धावल्या. पारा इतका चढला की बाईंचा चेहरा उतरला. तेवढ्यात तैयबाभाभी वाटी घेऊन आल्या. वाटीत सांदणे होती, आणि कागदाच्या पुडीत चार गोळ्या.

"हे काय?" बाई ओरडल्या.

"काकू जांब धाडतात, वर त्यांच्यातल्या गोळ्या बी," भाभी म्हणाल्या. "वाटी रिकामी कशी परत करू? मी माझ्यातल्या घालते."

"गुणाची गोळी हाय. एकटीनंच खायची व्हय?" काकू पडल्या पडल्या म्हणाल्या. "शेजारच्या गोदूला बी देते. तिच्याकडनं अळूवडी येते."

कुणाच्या पोटात कुठली गोळी गेली, ते देवच जाणे! काकूंच्या वाट्याला तर बरेचदा नुसती अळूवडीच. बाईंनी औषध दिले आणि दाब उतरेपर्यंत त्या हलल्या नाहीत. "काकू, मेंदूतली नस फुटली असती. थोडक्यात वाचलात."

काकू माझ्या पेटीवर हात ठेवून म्हणाल्या, "बाय, ह्याला मोडीत नका काढू. हा खरं बोलत व्हता, म्याच न्हाय." मला भरून आले.

संशोधनातून दोघींची नावे गेली. आता सकाळी कुंपणाशी दोघी आपापली गोळी गिळतात आणि एकमेकींना जीभ काढून दाखवतात. वाटीची ये-जा चालूच आहे.

मित्रांनो, जांब वाटा, सांदणे वाटा, वाटी रिकामी परत करू नका. पण गोळी ज्याची त्यानेच गिळावी. आणि आकडा आवडला नाही म्हणून यंत्रावर रागावू नये.

सेल केव्हाच आले. तरी काकू दवाखान्यात आल्या की दंड माझ्याकडेच पुढे करतात.