चढावरच्या गाडीचा फोटो

मी एक जुनी, लांब नळीची लेन्स आहे आणि मित्रांनो, माझा स्वभाव चांगला नाही. आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर तक्रार नको. ज्या कारखान्यात माझी काच घासली गेली, तिथे एक म्हातारा कारागीर प्रत्येक भिंग उजेडासमोर धरायचा आणि दहातली चार नापास करून बाजूला काढायचा. माझे भिंग उरलेल्या सहांतले. तेव्हापासून मला शिंगे फुटली आहेत.

मला विकत घेतले ताईने. डोंगरउतारांवर, चिखलात आणि दगडगोट्यांत गाड्या पळवण्याच्या स्पर्धा असतात, त्यांचे फोटो ती काढायची. चौदा वर्षे मी तिच्याबरोबर चिखल खाल्ला. तेवढ्या काळात तिने चार कॅमेरे बदलले. प्रत्येक नवा कॅमेरा आला की सगळे आपणच करतो असा टेंभा मिरवायचा आणि तीन-चार वर्षांत कपाटात जाऊन पडायचा.

गाडीवाल्यांविषयी तर न बोललेलेच बरे. एक गृहस्थ गाडी घरून चकाचक पुसून आणत, मैदानाच्या कडेला उभी करत आणि बादलीत चिखल कालवून तो दारांवर हाताने फासत. मग बॉनेटला टेकून, पोट आत ओढून ताईला म्हणत, "जरा रांगडा दिसलो पाहिजे." ताई निमूटपणे फोटो काढायची. मला मात्र आपली काच मुद्दाम धूसर करावीशी वाटे.

ताईची काम करण्याची पद्धत ठरलेली होती. वळणाच्या आतल्या बाजूला ती एक गुडघा टेकून बसायची, कारण गाडी घसरली तर बाहेर घसरते. कोपर बरगडीला लावायचे, कॅमेऱ्याचे शटर मुद्दाम सावकाश, म्हणजे जरा जास्त वेळ उघडे, ठेवायचे आणि येणाऱ्या गाडीबरोबर कमरेतून वळत राहायचे. मग गाडी स्पष्ट येई, चाके गरगर फिरताना दिसत आणि मागची झाडे पुसट होत. शंभरांत तीन फोटो जमत. बाकीचे ती चहा पिता पिता पुसून टाकी. मला हे मुळीच पटत नसे. एवढी लख्ख काच असताना झाडे पुसट कशाला? मी पानन् पान दाखवले असते.

पुढे ताईची कमर गेली. डॉक्टरांनी वाकणे-वळणे बंद केले आणि मी तिच्या धाकट्या भावाच्या हाती आले. हा दीडशहाणा मला शर्टाच्या टोकाने पुसायचा.

त्या दोघांचे बाबा गाड्या दुरुस्त करत. भंगारातून एकेक भाग गोळा करून त्यांनी सहा वर्षांत एक जीप उभी केली होती. पण तोवर त्यांचे हात थरथरू लागले. एका स्पर्धेपुरते स्टिअरिंग धरायचे, नंतर नाही, असे घरात ठरले. आदल्या संध्याकाळी ते धाकट्याला म्हणाले, "मला बक्षीसबिक्षीस नको. एक फोटो काढ. माझ्या हाताखाली ती कशी चढते, ते एकदा बघायचंय. आत बसलेल्याला कुठं दिसतं?"

"काढतो की."

ताईने विचारले, "शटर कसं ठेवणार?"

"सगळ्यात वेगवान. एक खडासुद्धा हललेला दिसणार नाही."

"अरे, सावकाश ठेव. हवं तर मी येते बरोबर."

"तू आराम कर. तुझे निम्मे फोटो हललेलेच असायचे."

खरे सांगते, मी मनातल्या मनात धाकट्याचीच बाजू घेतली.

दुसऱ्या दिवशी बाबा कोरड्या कातळाचा चढ एका दमात चढून गेले. खाली आल्यावर भेटेल त्याला सांगत होते, "एकदाही बंद पडली नाही." धाकट्याने एकशेचाळीस फोटो काढले. सगळेच्या सगळे लख्ख. टायरची खाच अन् खाच मोजून घ्यावी. मी फुगून गेले होते.

बाबांनी चष्मा लावला आणि फोटो एकेक करून पाहिले. "छान आलेत," ते म्हणाले. मग चष्मा काढत म्हणाले, "उभी छान दिसते."

तेव्हा मला ते दिसले. चाके ठार थांबलेली. कोणीतरी चढावर गाडी लावून चहाला गेल्यासारखी.

धाकट्याचा चेहरा उतरला. "बाबा, आपण पुन्हा एकदा..."

"पुन्हा कसलं रे," म्हणत बाबांनी दोन्ही हात खिशात घातले.

आयुष्यभर मी सगळ्यांना तुच्छ लेखले. त्या दिवशी माझी स्वतःची मला लाज वाटली.

धाकटा आता गॅरेजमध्ये बाबांच्या हाताखाली काम करतो. मला त्याने तिथल्या फळीवर नटबोल्टच्या डब्यांशेजारी ठेवले आहे. माझ्या काचेवर आतून बुरशी धरू लागली आहे. मला पुसून ठेवा, अशी विनवणी मी करणार नाही. मित्रांनो, एवढेच मागते, की एखादी वस्तू हाती घ्याल तेव्हा ती ज्याने वर्षानुवर्षे वापरली त्याला विचारा, आणि तो सांगेल ते ऐका.

समोरच्या भिंतीवर त्या एकशेचाळीस फोटोंतला एक चौकटीत लावला आहे. बाबांनीच लावला. परवा एक गिऱ्हाईक त्याच्याकडे बघत म्हणाले, "इथं बंद पडली होती वाटतं?"

गाडीखाली धाकट्याचा पाना थांबला.

बाबा म्हणाले, "हो, तिथं जरा बंद पडली होती."