पाण्याच्या एका रेणूसाठी

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. माझा पंखा इतका घरघरतो, की शेजारी बसणारे वैतागतात. पण आज माझा आनंद पोटात मावत नाही, म्हणून शेवट आधीच सांगतो: आमचा रेणू टिकला!

बारा वर्षांपूर्वी मी या प्रयोगशाळेत आलो, तेव्हा माझे केवढे कौतुक! जंतूच्या प्रथिनात एक बारीक खोबण असते. औषधाचा रेणू तिथे घट्ट बसला, की जंतूची खोड मोडते. कोणता रेणू बसेल, याची रंगीत तालीम मी पडद्यावर करून दाखवायचो.

मग नवा संगणक आला. माझे आठवड्याचे काम तो जेवणाच्या सुट्टीत उरकू लागला. माझ्या डोक्यावर चहाचे कप आले आणि कपाळावर 'भंगार' अशी चिठ्ठी.

आमच्या संशोधक ताईने चार वर्षे खपून एक रेणू घडवला होता. नव्या संगणकावर तो दर वेळी खोबणीतून निसटायचा. प्रयोगशाळेचे प्रमुख, आमचे सर, म्हणाले, "अगं, नाद सोड आता. शुक्रवारी यादीतून काढू त्याला."

ताईचा चेहरा पडला. पण ती हट्टी! तिने माझ्यावरचे कप उचलले आणि मला सुरू केले.

काम झटपट व्हावे म्हणून पडद्यावरच्या प्रथिनातले पाण्याचे रेणू आधीच पुसायचे, ही इथली रीत. नंतर भोवती नवे पाणी भरत, पण ते खोबणीच्या तळाशी पोहोचत नसे. माझ्याकडे त्या प्रथिनाची, ताईने पहिल्या वर्षी ठेवलेली प्रत होती. त्या प्रतीत खोबणीच्या तळाशी पाण्याचा एक रेणू तसाच राहिला होता.

सहा दिवस मी धापा टाकत राबलो. शुक्रवारी सकाळी ताईचा रेणू डुगडुगला, कलला, आणि त्याने त्या पाण्याचा हात धरला!

"काका, लवकर या! बसलाय! हलतच नाहीये!" ताई ओरडली.

रसायनवाले काका चष्मा पुसत आले. "पडद्यावर सगळेच शहाणे असतात गं. परीक्षानळीत बघू."

सरांनी तीन आठवडे दिले. आज काका हातमोजे न काढताच धावत आले. "ताई, जंतूच्या प्रथिनाचं काम थंड पडलं की गं!"

सरांनी पडद्यावरच्या त्या पाण्याच्या रेणूवर बोट ठेवले. मग म्हणाले, "पाणी पुसायची पद्धत मीच घातली होती."

हे अजून औषध नाही, मित्रांनो. वाट लांब आहे, पण सुरू झाली! ताईने माझ्या कपाळावरची चिठ्ठी काढली, उलटी केली, 'पाणी विचारून पुसा' असे लिहिले आणि परत तिथेच चिकटवली.

तुम्ही आमची धूळ मात्र न विचारता पुसत जा.