वाळलेली कणीक

बाबा गेले ते भजनातच. मुरबाडच्या देवळात वाजवता वाजवता पखवाजावर कलंडले. त्या धावपळीत कुणीतरी पखवाज तसाच गवसणीत भरून घरी आणला.

तेराव्याला शहापूर-मुरबाडची भजनी मंडळी आमच्या अंगणात बसली. बाबांच्या जागी गोजरकाका वाजवणार होते. त्यांनी गवसणी सोडली आणि त्यांचा हात थांबला. नाद घुमावा म्हणून पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावलेली कणीक तशीच वाळली होती. कलंडताना रुतलेली बाबांची चार बोटं तिच्यात स्पष्ट दिसत होती.

आमच्याकडं भाकरी तांदळाची. लढाईच्या, रेशनच्या त्या वर्षांतही बाबा कल्याणहून पसाभर गहू आणायचे, तो या कणकेपुरता. भजन झालं की ती खरवडून गाईला चारायचे.

"हात लावू नका कुणी," मी म्हणाले.

आय ओलं फडकं घेऊन आली. कुणाकडं न बघता तिनं कणीक भिजवली आणि नखांनी सगळी खरवडून काढली. बोटं गेली.

"त्यांनी कधी कणीक वाळू दिली नाय. चामडं फाटतं," ती म्हणाली आणि ताज्या कणकेचा गोळा काकांपुढं ठेवला. "वाजवा, भावजी."

हिला काळीजच नाही, असं वाटलं मला. खरवडलेली कणीक मुठीत घेऊन ती गोठ्याकडं गेली. भांडायचंच म्हणून मी तिच्यामागं गेले.

गाय तिची मूठ चाटत होती, आणि आय मूठ उघडत नव्हती.