लोखंडी टोपाशी लागलेलं लग्न

माझ्या धाकट्या बहिणीचं, गेझीनचं, लग्न त्रेचाळीस सालीच लागलं होतं. नवरा तेवढा लग्नाला नव्हता. विल्को तेव्हा आघाडीवर होता. त्यानं तिकडे आपल्या अधिकाऱ्यासमोर सही केली, आणि इकडे नगर कचेरीत गेझीनच्या शेजारी, नवऱ्याच्या जागी, टेबलावर शिपायाच्या डोक्यावरचा एक लोखंडी टोप ठेवून कारकुनानं दोघं नवरा-बायको झाल्याचं जाहीर केलं. तेव्हा अशी लग्नं पुष्कळ लागली. पाद्रीबाबांनीही तोंड वाकडं न करता टोपासकट आशीर्वाद दिला. कायद्यानं लग्न पक्कं होतं, कुणाला हरकत घ्यायला जागा नव्हती.

युद्ध हरलो, इंग्रजांचं लष्करी सरकार आमच्या गावात आलं आणि त्याच नगर कचेरीत बसलं. मी शाळेत इंग्रजी शिकवत होते, म्हणून मला टाइपरायटरसमोर बसवलं. गावात रोज काय घडलं याचा अहवाल लंडनला जायचा. कुणाची सायकल चोरीला गेली, कुणी विनापरवाना डुक्कर कापलं, सगळं. शिवाय लढाईच्या काळातले त्यांचे जुने अहवाल नीट टाइप करून बांधून पाठवायचे असत. ते करता करता लष्कराची भाषा माझ्या अंगवळणी पडली. उद्दिष्ट, प्रतिकार, नुकसान. माणसं मेली तरी तीन ओळींत आटपायचं.

सेहेचाळीसच्या मे महिन्यात विल्को रशियनांच्या कैदेतून परत आला. गेझीननं त्याला बटाटे वाढले, त्याचे मोजे रफू केले आणि अंगणातली धुण्याची खोली दाखवली.

"तिथे झोप," ती म्हणाली. "माझं लग्न टोपाशी लागलंय. तुझ्याशी लागलं की मग बघू."

विल्कोनं मान हलवली आणि घोंगडी उचलून गेला. मला संताप आला. पूर्वेकडून आलेल्या निर्वासितांनी घर भरलेलं, आम्हा दोघी बहिणींना मिळून एक खोली, आणि ही बया नवऱ्याला कपडे उकळायच्या भांड्याशेजारी झोपवते!

"अगं, नोंद आहे, शिक्का आहे," मी म्हटलं. "आणखी काय हवंय तुला?"

"मग त्या शिक्क्याबरोबर तूच संसार कर. मला पोल्टरआबेंड हवा."

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवरीच्या दारात गावानं शुभ म्हणून चिनीमातीची भांडी फोडायची, आणि नवरा-नवरीनं मिळून ती झाडून काढायची, हा आमच्याकडचा पोल्टरआबेंड. काच फोडायची नाही, ती अशुभ. आमच्या आईचा झाला होता, आजीचा झाला होता. गेझीनच्या वेळी मात्र विमानांच्या भीतीनं सगळे तळघरात होते, आणि टोपाच्या हातात झाडू कोण देणार?

मी तिला चांगलं झापणार होते. पण त्या रात्री ती अंथरुणात कुशीवर वळून म्हणाली, "हेडविग, तो बोलतच नाही गं. मीठ दे म्हटलं की मीठ देतो. गेला तो माणूस माझ्याशी भांडायचा, माझी टिंगल करायचा. हा कोण आलाय ते मला कळत नाहीये. मला भीती वाटते." माझा राग गेला, आणि पोल्टरआबेंड करायचाच असं मी ठरवलं.

पण फोडायचं काय? गावात एका कपातून तीन कुटुंबं चहा पीत होती, तोही चहा नव्हे, पुदिन्याचं पाणी. कान तुटलेला कपही कुणी टाकत नव्हतं.

भांडी होती ती आमच्या कचेरीच्या तळघरात. फुटका कप दाखवल्याशिवाय नवा कप द्यायचा नाही, असा इंग्रजी लष्कराचा नियम. त्यामुळे साहेबांच्या भोजनगृहात जे जे फुटे, त्याचे तुकडे कोठीवाला सार्जंट पास्को पोत्यात भरून तपासनिसाची वाट बघत बसे. त्यांची राखण तो अंड्यांवर बसलेल्या कोंबडीसारखी करायचा.

"फोडलेलंच परत फोडणार?" मी ती पोती मागितली तेव्हा त्यानं विचारलं.

"आम्ही हरलेले लोक आहोत," मी म्हटलं. "आम्हाला नवं कोण देणार?"

पास्को हसला. तो कॉर्नवॉलच्या कोळ्यांतला, त्याला लग्नाची गंमत कळत होती. "न्या. पण सगळं परत आणा, गुरुवारी तपासनीस येतोय. एक कान जरी कमी भरला तरी माझी घरी जायची रजा गेली समजा."

पाचापेक्षा जास्त माणसं जमवायची तर परवाना लागे. कॅप्टन लिजेट हा तरुण, शिष्ट, सदा सर्दी झालेला माणूस. त्यानं माझा अर्ज दोनदा वाचला.

"ब्रिंकमनबाई, जमावाचा हेतू: भांडी फोडणे? सहा वर्षांत फोडलंत तेवढं पुरे नाही झालं?"

"ते फोडलेलं कुणाला लाभलं नाही, साहेब," मी म्हटलं. जीभ माझी पहिल्यापासून तिखट. नोकरी गेली असं वाटलं. पण त्यानं नाक पुसलं आणि सही केली. "मी स्वतः बघायला येईन," एवढंच म्हणाला.

जूनमधली संध्याकाळ, उजेड भरपूर. आख्खी गल्ली जमली. विल्को दाराशी झाडू घेऊन उभा, पहाऱ्यावर असल्यासारखा. पास्कोनं पोती आणली, लोकांनी मुठी भरभरून तुकडे दगडी फरशीवर आपटले. आणि काय सांगू, आवाजच येईना. नुसती खडी ओतल्यासारखी खरखर. फुटक्याला आणखी फोडलं तर ते काय बोलणार? लोक एकमेकांकडे बघायला लागले. गेझीनचा चेहरा उतरला.

तेव्हा आमच्या माळ्यावर राहणाऱ्या पोडशाडलीबाई पुढे आल्या. पूर्व प्रशियाहून बर्फातून हातगाडी ओढत आलेल्या. नवरा वाटेतच गेला. गाडीवर होतं त्यातलं गोधडीत गुंडाळलेलं एक सूपपात्र तेवढं शाबूत पोचलं होतं, गुलाबाची नक्षी असलेलं, झाकणासकट. तेच त्यांच्या हातात होतं.

"बाई, नको हो," गेझीन म्हणाली. "एवढ्या लांबून आणलंत."

"आणलं खरं. आता त्यात वाढायला ना सूप आहे, ना माणसं. मी रोज त्याच्याकडे बघून रडते. वैताग आलाय मला. बाजूला हो, पोरी."

आणि त्यांनी ते डोक्यावर उचलून असं आपटलं की चर्चच्या मनोऱ्यावरची कबुतरं उडाली. हा खरा आवाज! मग पोडशाडलीबाई हसायला लागल्या, हसता हसता पदराएवढ्या रुमालानं डोळे पुसायला लागल्या. मीही रडत होते, आणि मला फार बरं वाटत होतं.

मग कोण ऐकतंय! बेकरीवाला धावत जाऊन भेगाळलेली बशी घेऊन आला. कुणी लोणच्याची बरणी, कुणी साखरेचं भांडं, साखर नव्हतीच. पाद्रीबाबांनी फुलदाणी आणली आणि लाजत लाजत सोडून दिली. कॅप्टन लिजेटच्या हातात कचेरीतून आणलेला चहाचा कप होता. त्यानं उरलेला चहा शांतपणे संपवला आणि कप फेकला. गल्लीनं टाळ्या वाजवल्या.

"साहेब, मेलो मी," पास्को कुजबुजला. "सगळं मिसळलं. आता पोत्यातून गुलाब निघणार."

"सार्जंट, कमी भरलं तर तपासनीस ओरडतो. जास्त भरलं म्हणून कधी कुणी ओरडलंय?" लिजेट माझ्याकडे वळला. "अहवालात काय लिहायचं, ब्रिंकमनबाई?"

"उद्दिष्ट साध्य. प्रतिकार नाही. नुकसान संपूर्ण. लोक आनंदात."

"तसंच जाऊ दे लंडनला."

इकडे नवरा-नवरी झाडायला लागले होते. गेझीन केर भरायची सुपली धरून बसली होती, विल्को झाडू मारत होता, आणि लोक मुद्दाम लाथा मारून तुकडे परत पसरत होते. तशीच पद्धत आहे.

"पायरीखालचं राहिलं," गेझीन म्हणाली.

विल्कोनं पायरीखाली झाडलं.

"कोपऱ्यातलं राहिलं."

त्यानं कोपरा झाडला.

"उंबऱ्यापाशी अजून..."

विल्को थांबला. त्यानं झाडू भिंतीला टेकवला. "दोन वर्षं रशियनांचं ऐकलं," तो म्हणाला, "पण त्यांचा शिपाईसुद्धा एवढी कटकट करत नव्हता. एवढं दिसतंय तर घे झाडू, तू मार."

गेझीन लालबुंद झाली. "मी मारू? तोंड बघ आधी आरशात! चेहरा मडक्यासारखा करून महिनाभर बसलास, आणि आता तोंड फुटलंय?"

"तू मडकी फोडायला सांगितलीस, मग फुटलं."

ती हसू दाबायला गेली आणि जमलं नाही. मग तोही हसला. पुढचे दात त्याचे तिकडेच गेले होते, त्यामुळे ते हसू बघण्यासारखं होतं. मग दोघं उरलेला कचरा भरताना अखंड भांडत होते, आणि मी त्यांच्यावरून नजर काढली नाही.

संचारबंदीच्या वेळेआधी लोक पांगले. पास्को गुलाबांसकट पोती घेऊन गेला. विल्कोनं सवयीनं घोंगडी काखेत मारली आणि अंगणाकडे निघाला.

"तिकडे कुठे चाललास?" गेझीननं विचारलं.

"झोपायला."

"त्या खोलीला मी कुलूप लावलंय."

"मग किल्ली दे."

"तुला नाही मिळायची," ती म्हणाली, आणि त्याच्या काखेतली घोंगडी काढून किल्लीसकट माझ्या हातात दिली.