उतरलेलं पाणी

ओढ्याकाठच्या खडकावर चिखलाचा वीतभर रुंद पट्टा दिसत होता. पट्ट्याची वरची कड म्हणजे थोड्या वेळापूर्वीचं पाणी, खालची कड म्हणजे आत्ताचं. पाऊस वरची कड धुऊन काढत होता आणि खालच्या बाजूने पट्टा वाढत होता.

घरातली सून अंड्यांच्या खोलीच्या खिडकीतून हे पाहत होती. पाऊस कालपासून एका लयीत पडत होता, जराही कमी झाला नव्हता. म्हणजे पाणी चढायला हवं होतं. ते उतरत होतं.

हातातला चिमटा तिने लगेच खाली ठेवला नाही. मेलेलं माशाचं अंडं पांढरं पडतं. ते वेळेवर उचललं नाही तर त्याची बुरशी शेजारच्या जिवंत अंड्यांना धरते. ट्रे अर्धाच झाला होता. समोर सासूबाई दुसरा ट्रे घेऊन बसल्या होत्या. गार पाण्याने दोघींची बोटं लालभडक झाली होती.

घराण्याचा धंदा ट्राउट माशांचा. या माशांना गार आणि सतत वाहतं पाणी लागतं, म्हणून घर आणि ही खोली वरच्या सपाटीवर आणि खाली उतारावर एकाखाली एक तीन हौद. सगळ्यात खालचा हौद ओढ्याला लागून. त्यात अंड्याला आलेल्या माद्या होत्या. त्यांतली सगळ्यात मोठी, खालचा जबडा पुढे आलेली, तिचं नाव धाकट्या दिराने आत्याबाई ठेवलं होतं. त्याच्या खऱ्या आत्याचा जबडा तसाच होता. हे नाव ऐकलं की सासूबाई पदर तोंडाला लावून हसत, कारण ती त्यांची नणंद आणि तिने त्यांना कमी छळलं नव्हतं.

धाकट्याला मासे नको होते. त्याला बस चालवायची होती. खालच्या शहरात शिकवणीची सोय झाली होती, फक्त मालकांचा होकार हवा होता. सासऱ्यांना सगळे मालकच म्हणत. बाहेरचे म्हणत, आणि सासूबाईही म्हणत. पोरांचं ते ऐकत नसत. सुनेचं ऐकत, पण ते अंड्यांच्या बाबतीत. तेव्हा सासूबाईंनीच बोलायचं असं ठरलं. सुनेचा हिशेब साधा होता: ज्या बाईने आयुष्यात एकदाही काही मागितलं नाही, तिचं पहिलं मागणं मोडणं जड जाईल. वाक्यही तिनेच लहानसं करून दिलं होतं. पोराला जाऊ द्या, मी ठरवलंय. पुढे काही नाही, मागे काही नाही.

त्याच्या तालमी याच खोलीत होत. पहिला भाग सासूबाईंना जमे. दुसऱ्यापाशी गाडी अडे. ठरवलंय म्हणू की वाटतं म्हणू, असं त्या विचारत. ठरवलंयच म्हणा, असं सून सांगे.

"मी कधी काय ठरवलंय गं? भाजी कुठली करायची तेसुद्धा तेच सांगतात."

आणि मग ते पुढे ढकललं जाई. कधी हौदांना रोग लागला म्हणून, कधी खऱ्या आत्याबाई पाहुण्या आल्या म्हणून, आता माद्या अंड्याला आल्या म्हणून. आज सकाळीसुद्धा धाकट्याने दारातून डोकावून विचारलं होतं, आई, आज तरी? नाहीतर बस माझ्याशिवायच सुटायची. पाऊस थांबू दे रे, असं त्या म्हणाल्या होत्या.

सुनेने पुन्हा खडकाकडे पाहिलं. पट्टा आता दोन वितींचा झाला होता. खिडकीतून ओल्या मातीचा आणि तुटलेल्या मुळांचा वास येत होता. ती उठली.

बाहेर पत्र्याखाली मालक दोन्ही पोरांना घेऊन उभे होते. तिने सरळ सांगितलं की पाऊस तेवढाच असून पाणी उतरतंय, म्हणजे वर घळीत दरड आडवी पडलीय आणि तिच्यामागे पाणी तुंबतंय. ते फुटेल तेव्हा एकदम येईल. खाली कुणी जाऊ नये.

"मला शिकवतेस?" मालक म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "या ओढ्यावर माझा जन्म गेला. वास आला तेव्हाच मला कळलं. म्हणून तर म्हणतोय, पाणी उतरलंय तोवर माद्या वर आणायच्या. नंतर काय आणणार?"

भिंतीवर छातीपर्यंत येणाऱ्या दोन रबरी विजारी टांगलेल्या होत्या. दोघा भावांनी तिकडे पाहिलं. सुनेने नवऱ्याकडे पाहिलं. तो पत्र्यावरून ओघळणारं पाणी बघत होता.

"थोरल्या, तू राहू दे," मालक म्हणाले. "तुला बायको आहे, पोरं आहेत." मग धाकट्याकडे वळून ते हसले. "तुझ्यामागे रडायला कोण आहे?"

सासूबाई दारात हात पुसत उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं. सुनेने त्यांच्याकडे पाहिलं आणि नजर हलवली नाही. सासूबाईंचे ओठ हलले.

"पोरा..."

"काय?" मालक म्हणाले.

"पोराने सकाळपासून काही खाल्लं नाही."

"वर आला की खाईल."

धाकट्याने विजार चढवली. खांद्यावरचा पट्टा थोरल्याने बांधून दिला, नीट, दोनदा ओढून बघून. सुनेने खिडकीपाशी उभं राहायचं आणि पाणी बदललं की रिकामा ट्रे वाजवायचा, असं ठरलं.

"वहिनी, जरा ताल धरून वाजवा हं," जाता जाता धाकटा म्हणाला. "नाहीतर मला वाटायचं जेवायलाच बोलावताय."

तो माद्या पकडून टबात घालून मधल्या हौदापर्यंत आणी. तिथून थोरला टब वर नेई. मालक मधल्या हौदाच्या कठड्यावर उभे राहून सांगत होते, हिला धर, ती नको, तिची अंडी पिकायचीत अजून. पहिली खेप आली. दुसरी आली. तोवर ओढ्यात इतकं कमी पाणी राहिलं होतं की तळाचे दगड मोकळे झाले होते. धाकट्याने वर बघून हात झटकले. मालक म्हणाले, आत्याबाई राहिली.

तो पुन्हा उतरला.

सुनेला आधी काही दिसलं नाही. दगडावर दगड आपटल्याचा आवाज आला, दूरवरून, आणि खिडकीची काच हलकेच थरथरू लागली. तिने ट्रे वाजवला. ताल वगैरे काही नव्हता. धाकट्याच्या हातजाळ्यात मासा होता. त्याने वर पाहिलं, जाळं तिथेच खाली टाकलं आणि तो पायऱ्यांकडे निघाला. दोन पायऱ्या चढलाही.

"तिला टाकून येऊ नकोस," मालक ओरडले.

तो वळला. ओरडण्यात जरब होती आणि तो लहानपणापासून त्या आवाजाला वळत आला होता. जाळं उचलायला वाकायला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ गेला. घळीतून जे आलं त्यात पाणी थोडं होतं. झाडं होती, मोठे धोंडे होते आणि चिखल होता. खालचा हौद भिंतीसकट गेला. मालक उभे होते तो कठडा राहिला.

दुपार टळल्यावर तो वळणापाशी उपटलेल्या झाडाखाली सापडला. थोरला आणि शेजारचा सुतार यांनी त्याला वर आणलं. विजारीत काठोकाठ चिखल भरला होता. पोहता येणाराही तिच्यात बुडाला असता. ती अंगावरून निघेना, तेव्हा सुताराने चाकू काढला.

"शिवणीवरून काप," मालक म्हणाले. "पुन्हा चिकटवता येईल."

सुताराने त्यांच्याकडे पाहिलं. मग त्याने विजार मधोमध, छातीपासून खालपर्यंत कापली.

धाकट्याला बाहेरच्या खोलीत ठेवलं. सासूबाई त्याच्याजवळ बसल्या. रस्ता वाहून गेला होता, उद्यापर्यंत कुणी येणार नव्हतं. अंड्यांच्या खोलीचा पाण्याचा पाइप तुटला होता, आणि वाहतं पाणी थांबलं की अंडी गुदमरतात. मालकांनी सुनेला पिंपातलं पाणी बादलीने ओतत राहायला सांगितलं. ती ओतू लागली. आपण हे का करतोय, असा विचार तिच्या मनात बऱ्याच उशिरा आला. प्रत्येक अंड्यात आता दोन काळे ठिपके दिसत होते. ते डोळे होते. ती एका ट्रेवर पाणी ओती आणि ते सगळे डोळे एकदम हलत.

संध्याकाळी पाऊस थांबला. मालक पायऱ्या उतरून बघून आले आणि ओल्या पायांनी खोलीत शिरले. थोरला कोपऱ्यात पायरीवर बसला होता. मालक त्याला म्हणाले की खाली पडक्या भिंतीच्या आडोशाला डबकं साचलंय. त्यात तीन-चार माद्या जिवंत आहेत. आत्याबाईसुद्धा आहे, तिची शेपटी त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी हलताना पाहिली.

"ऊठ. अंधार पडायच्या आत आणू. पाणी उतरलंय."

सुनेने सवयीने खिडकीतून खडकाकडे पाहिलं. खडक जागेवर नव्हता.

थोरला उठला. त्याने बाहेरच्या भिंतीवरची दुसरी विजार आणली, पुन्हा पायरीवर बसला आणि एक पाय आत घातला.

"अहो, जाऊ नका," ती म्हणाली.

"पाच मिनिटांचं काम आहे," तो म्हणाला. तिच्याकडे न बघता त्याने दुसरा पाय उचलला.

"तू पाणी ओत," मालक तिला म्हणाले. "ती अंडी मेली तर याने माद्या आणून काय उपयोग? दोन हंगाम कसे काढायचे ते मी बघतो. धाकट्याचं काम आता थोरल्याकडे."

तिने बादली खाली ठेवली. तेव्हाच तिला सासूबाई दिसल्या. त्या बाहेरच्या खोलीतून कधी उठून आल्या ते कुणाला कळलं नव्हतं. त्या दारात सकाळच्याच जागी उभ्या होत्या. हातांना मुलाच्या अंगावरचा चिखल होता आणि तो त्यांनी पुसला नव्हता. त्यांनी आधी थोरल्याच्या पायातल्या विजारीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. ओठ हलले.

"काय?" मालक म्हणाले.

"पोरांना जाऊ द्या," सासूबाई म्हणाल्या. "दोघांनाही. मी ठरवलंय."