चालत्या गिरणीतला पाठिंबा

आमच्या गावात गांजाच्या कायद्याविरुद्ध लोक फक्त एकाच ठिकाणी बोलतात. माझ्या पिठाच्या गिरणीत, आणि तेही गिरणी चालू असताना. पट्टा फिरायला लागला की स्वतःचं बोलणंसुद्धा ऐकू येत नाही. मग एकेक जण डबा पुढे सरकवत माझ्या कानाशी येतो आणि ओरडतो, "तुझ्या नवऱ्याचं बरोबर आहे गं! औषध म्हणून मिळायलाच हवा!" गिरणी थांबली की तोच माणूस पिशवी झटकत हवापाण्याच्या गप्पा मारतो. डोकं फिरतं माझं. बाहेरही तोंडं उघडा म्हणून किती ओरडते मी!

आमचे हे निवडणुकीला उभे आहेत. ट्रॅक्टर दुरुस्त करणारा माणूस, भाषणाशी कधी संबंध नाही. पण धाकटे भाऊजी परसात चार झाडं लावली म्हणून तुरुंगात गेले, आणि ह्यांनी ठरवलं की आता कायदाच बदलायचा. दारोदार फिरून सांगतात, दुखण्यासाठी कोणी एखादं झाड लावलं तर त्याला कोठडी नको. लोक चहा पाजतात आणि पाठ वळली की "गांजावाला येऊन गेला" म्हणून खिदळतात. सभेला माणसं कमी, खुर्च्याच जास्त.

भाऊजींचा खटला अजून चालू आहे. वकील म्हणाले होते, "झाडं स्वतःसाठी लावली एवढ्यावर तो ठाम राहिला, तर थोडक्यात सुटेल." भाऊजी ठाम होते. साफ खोटं होतं ते! हा माणूस कधी सिगारेटला शिवला नाही. झाडं कोणाकोणासाठी होती हे निम्म्या गावाला ठाऊक होतं, आणि ते निम्मं गाव मूग गिळून बसलं होतं.

त्या दिवशी मोठ्या बाई दळण घेऊन आल्या. शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका. त्या रस्त्याने निघाल्या की अजूनही बाप्ये हातातली सिगारेट लपवतात. गिरणीत ही गर्दी. बाई माझ्या कानाशी वाकल्या आणि नेहमीसारख्या सुरू झाल्या, तुझा दीर म्हणजे देवमाणूस वगैरे. माझं टाळकंच सरकलं. देवमाणूस आहे ना, मग तो आत का आणि तुम्ही बाहेर गप्प का? मी बटण बंद केलं. पट्टा घरघरत थांबला, पण बाई भरात होत्या.

"शेवटी शेवटी आमच्या ह्यांना झोप लागली ती त्याच्या गांजानेच!"

अख्ख्या गिरणीने ऐकलं. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की आता कान पिळतात की काय असं वाटलं. पण त्यांनी चष्म्यावरचं पीठ पुसलं आणि गर्दीकडे वळल्या. "काय बघताय? खरं आहे ते. रोज स्वतः आणून द्यायचा बिचारा. आणि संध्याकाळी मी हे माईकवर सांगणार आहे."

सांगितलं की हो! भर सभेत. सभा संपल्यावर सुतार ह्यांच्याजवळ आला, "उद्या मी बोलतो, माझ्या पाठीचं सांगतो." मग पोस्टमन आला. किराणावाल्याची आई म्हणाली, मलाही बोलायचंय. ह्यांचा चेहरा कितीतरी दिवसांनी खुलला. मी तर हवेतच होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी वकील थेट गिरणीत आले. "बाईंचं भाषण कोणीतरी मोबाईलवर घेतलं. पोलिसांनी कलम वाढवलंय. जवळ बाळगणं वेगळं, वहिनी, आणि दुसऱ्याला देणं वेगळं. आता काही वर्षांच्या शिक्षेच्या गोष्टी सुरू झाल्या. आणखी कोणी माईकवर त्याचे आभार मानले, तर मीही त्याला वाचवू शकणार नाही."

"अहो, पण फुकट दिलं त्यांनी!"

"कायद्याला फुकट कळत नाही."

मला काहीतरी फोडावंसं वाटलं. म्हणजे गप्प बसलं तर कायदा तसाच राहणार, आणि तोंड उघडलं तर भाऊजी आत सडणार. कोणाच्या डोक्यातून निघतात हे असले कायदे?

संध्याकाळी मैदान भरलं. पहिल्यांदाच खुर्च्या कमी पडल्या. स्टेजच्या पायरीपाशी सुतार, पोस्टमन, किराणावाल्याची आई, आणखी कोण कोण बोलायला उभे. हे वर बसले होते. मी वकिलांचं सगळं सांगितलं होतं त्यांना. एका बाजूला ही सगळी मतं, दुसऱ्या बाजूला भाऊ. त्यांनी माझ्याकडे बघून नकारार्थी मान हलवली.

मी पायरीवर आडवी उभी राहिले. "आज कोणी काही बोलायचं नाही."

"अगं, तोंडं उघडा म्हणून तूच कानीकपाळी ओरडत होतीस ना?" सुतार चिडला.

"ओरडत होते. आता हात जोडते, मिटा."

किराणावाल्याच्या आईने माझा हात धरला. "मला फक्त आभार मानायचे होते गं त्या पोराचे."

"मनातल्या मनात माना, आजी. नाव तेवढं घेऊ नका त्यांचं," मी म्हणाले, आणि तिला हाताला धरून खुर्चीवर नेऊन बसवलं. माझे डोळे भरून आले होते, रागानेच.

मागे माईकवर ह्यांनी रस्त्यातल्या खड्ड्यांवर बोलायला सुरुवात केली, आणि लोक उठून जायला लागले.