फाजील जमीन

पनवेलहून नेरे गावाकडे जाताना लष्कराचा जो रिकामा माळ लागतो, तो मुळात नियाजच्या आजोबांचा. महायुद्धात छावणीसाठी घेतला गेला. छावणी उठली, काटेरी तार राहिली, आणि तारेआड आजोबांची आंब्याची झाडं राहिली. पनवेलच्या बाजारात मसाल्याचं दुकान चालवणारा नियाज उमेदीची सगळी वर्षं एकच अर्ज करत आला : माळ लष्कराला नको आहे, तर आम्हाला परत द्या.

यंदा एकदाची लष्करी जमिनींच्या कचेरीत, तिथल्या अधिकारी मॅडमपुढे, सुनावणी लागली. नियाज अम्मीला, नूरुन्निसाला, घेऊन गेला.

"लष्कर तिथे काहीच करत नाही?" मॅडमनी विचारलं.

"काही म्हणजे काही नाही! एक पहारेकरी आहे, धर्मराज. तोही झोपलेला असतो."

"मग जमीन फाजील ठरते."

नूरुन्निसा दुखावली. "फाजील माणूस असतो, बेटी. जमिनीनं कुणाला उलट उत्तर दिलंय?"

"फाजील म्हणजे जास्तीची, आजी."

"मग देऊन टाका की."

"देणारच. आधी केंद्राच्या इतर खात्यांना विचारायचं. त्यांना नको असेल तर राज्याला. त्यांनाही नको असेल तर लिलाव."

"आणि आम्हाला?" नियाजने विचारलं.

"लिलावात या ना. जाहीर असतो."

विमानतळ आल्यापासून इथल्या जमिनीला 'नको' म्हणणारं खातं अजून जन्मायचं आहे. राहिला लिलाव. तिथे बिल्डरांसमोर ठेवायला नियाजकडे गरम मसाला होता.

तो घाम पुसत उभा राहिला. "मॅडम, मघाशी चुकलं. लष्कराला त्या माळाची सख्त जरूर आहे."

"एवढ्यात लागली?"

"धर्मराज झोपत नाही. डोळे मिटून पहारा देतो."

मॅडम हसल्या नाहीत. पण जमीन फाजील ठरवण्यापेक्षा न ठरवण्यात काम कमी असतं. 'जागेवर पहारा चालू, गरज कायम,' असं त्यांनी लिहून टाकलं.

"मिळाली का रे?" जिना उतरताना अम्मीने विचारलं.

"नाही मिळाली. वाचली."

दुसऱ्या सकाळी नियाज पक्कड घेऊन माळावर गेला. तार जिथे तुटली होती, तिथूनच तो लहानपणापासून आजोबांच्या झाडांखाली जात आला होता. माळ राखलेला दिसायला हवा, म्हणून तो ती तार बाहेरून ओढून बांधू लागला.

धर्मराज उठून आला. "नियाजभाय, आता तुमी आत येनार कुटून?"

नियाजने शेवटचा पीळ घट्ट केला.

"नाही येणार. आणि कुणी आलं तर सोडू नकोस. मी असलो तरी."